दारावरचा आकडा आणि आतलं हाड: उणे ८० चा फ्रीझर, तीन वर्षांच्या वापरानंतर

फ्रीझर आला त्या आठवड्यात आम्ही त्यात एकही हाड ठेवलं नाही. रिकामाच चालवला आणि आत नऊ ठिकाणी तापमान टिपणारे लॉगर लावले. जोडणी करायला आलेले तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, दारावर उणे ८० दिसतंय की. आजच भरायला घ्या." तीन दिवसांनी लॉगर बाहेर काढले. खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीलगत उणे ८३ होतं आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात, दाराजवळ, उणे ७१. दारावरचा आकडा तिन्ही दिवस उणे ८०. एकाच कपाटात १२ अंशांचा फरक, तोही दार एकदाही न उघडता.

तेव्हापासून फ्रीझर जोखायची माझी पद्धत ठरून गेली. आतली सगळ्यात कमी थंड जागा कोणती, ती किती अंशांवर राहते, आणि वीज गेली किंवा कॉम्प्रेसर बसला तर तिथलं तापमान किती वेळात किती चढतं, एवढंच मी बघते. खाली लिहिलंय ते सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे.

मी हाडांच्या पेढीत काम करते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं कापून काढावंच लागतं. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं ते. रुग्णाने संमती दिली असेल आणि तपासण्या स्वच्छ निघाल्या, तर ते टाकून न देता आमच्याकडे येतं. आम्ही बोलताना त्याला नुसतं 'हेड' म्हणतो. पुढे ते कुणाच्या तरी सैल झालेल्या कृत्रिम खुब्याभोवतीची झिजलेली पोकळी भरायला जातं, गाठ काढल्यावर हाडात राहिलेला खड्डा भरायला जातं, मणक्याच्या ऑपरेशनला जातं. एका आजींनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्रावर सही करताना मला विचारलं होतं, "बाळा, कुणाला देईपर्यंत खराब नाही ना होणार ते?" मी "नाही आजी" एवढंच म्हटलं. पूर्ण उत्तर द्यायला फ्रीझरबद्दलच बोलावं लागतं.

आधी खराब होणं म्हणजे काय, ते. हेड गोठवताना पेशी वाचवायला आम्ही कुठलंही संरक्षक द्रव्य घालत नाही, त्यामुळे हाडातल्या पेशी मरतात. ते आम्हाला चालतं. दात्याच्या पेशी मेल्या की घेणाऱ्याच्या शरीराचा विरोध कमी होतो. ग्राफ्टचं, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात बसवलेल्या या हाडाचं, काम चौकटीचं आहे. घेणाऱ्याच्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्या जाळीत शिरतात, जुनं हाड विरघळवत आणि नवं रचत पुढे सरकतात. कूर्चेसकट दिलेल्या ग्राफ्टचं वेगळं असतं. तिथे कूर्चेच्या पेशी जिवंतच हव्यात, म्हणून ते गोठवत नाहीत, ४ अंशांच्या आसपास ठेवतात आणि काही आठवड्यांत वापरून टाकतात. आमचं काम त्यापेक्षा निवांत, पण निष्काळजीपणा खपेल इतकं निवांत नाही.

खनिजाची चौकट थंडीला फारशी दाद देत नाही. नीट गोठवलेल्या स्पंजी हाडाची दाब सोसायची ताकद ताज्या हाडाच्या जवळपासच राहते. फ्रीझ-ड्राय केलेलं, म्हणजे गोठवून वाळवलेलं हाड मात्र वाकवताना, पिळताना लवकर तुटतं. मग फ्रीझरमधल्या हेडचं बिघडतं काय? कोलॅजन आणि इतर प्रथिनं, मज्जेतली चरबी, आणि पाणी.

मीठ आणि पाण्याचं मिश्रण साधारण उणे २१ अंशांच्या खाली गेल्यावरच पूर्ण गोठतं. त्याच्या वर असेपर्यंत बर्फाच्या स्फटिकांच्या मधोमध खाऱ्या पाण्याच्या बारीक शिरा द्रवरूपात राहतात. हाडातले क्षार त्या शिरांमध्ये एकवटतात आणि विकरंही तिथेच एकवटतात. कोलॅजन कुरतडणारी विकरं अशा ठिकाणी संथ का होईना, काम करत राहतात. उणे २० वर ठेवलेलं हाड डोळ्यांना दगडासारखं टणक दिसतं, पण आत सगळं थांबलेलं नसतं. तापमान वरखाली होत राहिलं की लहान स्फटिक वितळून मोठ्यांना जाऊन मिळतात आणि त्यांची सुया-पाती मऊ भागांना फाडतात. चरबी तर थंडीतही हवेतल्या प्राणवायूने हळूहळू खवट होते आणि खवट चरबी नव्या हाडपेशींना मानवत नाही.

म्हणूनच अमेरिकन ऊतक पेढी संघटनेची मानकं गोठवलेल्या हाडासाठी उणे ४० किंवा त्याहून थंड साठवण मागतात आणि उणे २० ते उणे ४० या पट्ट्यात एकूण सहा महिन्यांपुरतीच सूट देतात. बऱ्याच पेढ्या खोल थंडीत पाच वर्षांची मुदत धरतात. उणे ८० कुणी हाडाची गरज म्हणून ठरवलेला आकडा नाही. उणे ४० च्या रेषेपर्यंत चढायला जो वेळ लागतो, तो वेळ आपण उणे ८० लावून विकत घेतो. माझ्या मते या यंत्राची खरी किंमत त्या वेळाची आहे.

घरगुती फ्रीझर यासाठी वापरू नये, हे मी पोटतिडकीने सांगते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ठरावीक वेळाने कॉइल तापवली जाते. घरच्या वापराला ती सोय आहे, दात्याच्या हाडाला मात्र तो रोजचा चढउतार. मी पूर्वी ज्या संस्थेत होते तिथे उणे ३० चा आडवा फ्रीझर होता आणि त्याची नोंदवही हाताने भरली जायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका सुट्टीनंतर आम्ही उघडला तर काही पिशव्यांच्या आतून बर्फाचे मोठे खडे लटकलेले आणि दोन-तीन हेड्सवर पांढरट, कोरडे चट्टे. मधल्या दोन दिवसांत काय झालं होतं ते कुणालाच सांगता येईना, कारण वहीत त्या दिवसांचे रकाने कोरे. ११ हेड्स टाकून दिली. ती कदाचित वापरण्याजोगी असतीलही. पण 'कदाचित'वर कुणाच्या खुब्यात हाड भरता येत नाही. त्या ११ माणसांची संमतीपत्रं मीच फाइल केली होती.

आता या फ्रीझरकडे. हा उभा आहे, बाहेर एक दार आणि आत प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र छोटं दार. ही आतली दारं मला सर्वात आवडलेली गोष्ट. थंड हवा जड असते, उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायांवर सांडते. आतलं एकच दार उघडलं तर बाकीचे कप्पे आपली थंडी धरून राहतात. आडव्या फ्रीझरमध्ये हवा सांडत नाही हे खरं, पण तळाचं हेड शोधायला वरचे सगळे डबे बाहेर काढावे लागतात आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होतंच. कामाच्या दृष्टीने मी उभाच घेईन.

पहिल्या महिन्यात आम्ही एक चाचणी केली. हेड ठेवतो तसल्याच डब्यात जेल भरलं आणि त्यात तापमान मोजणारा एक प्रोब खोचला; दुसरा प्रोब शेजारी उघड्या हवेत लटकवला. दार एक मिनिट उघडं ठेवलं. हवेचा प्रोब उणे ५२ पर्यंत चढला, अलार्म वाजला, सगळे दचकले. जेलमधला प्रोब जेमतेम दोन अंश हलला. हवा पूर्ववत व्हायला २८ मिनिटं लागली. या एका चाचणीने आमची भीती योग्य जागी बसली. हेड काढायला दार उघडलं म्हणून हाड बिघडत नाही. बिघडतं ते यादी हातात घेऊन दार उघडं ठेवून अर्धा तास डबे लावत बसल्याने. वार्षिक मोजदादीच्या दिवशी जेलचा प्रोब उणे ६३ पर्यंत आला होता. त्यानंतर आम्ही मोजदाद कप्प्यागणिक वेगवेगळ्या दिवशी करतो आणि प्रत्येक डब्याची जागा आधी कागदावर पाहून मगच दाराला हात लावतो.

दार लावल्यावर आतली हवा आकसते आणि दार असं काही चिकटतं की दोन मिनिटं ओढूनही निघत नाही. यात हवेचा दाब समान करणारं छोटं बूच आहे, पण ते बर्फाने बुजतं. दर आठवड्याला मऊ कापडाने साफ करावं लागतं. माहितीपत्रकात याचा उल्लेख एका ओळीत आटोपलाय, तो पानभर हवा होता. बूच बुजलं की लोक दार हिसकतात, हिसकल्याने गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) फाटतं, फटीतून दमट हवा आत शिरते, बर्फ साचतो, दार नीट बसत नाही. आमचं गॅस्केट अडीच वर्षांत कोपऱ्यातून गेलं. तापमान वाढण्याच्या कितीतरी आधी ते कळतं: वरच्या कोपऱ्यात पांढरी कड धरते आणि कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालत राहतो. मी रोज सकाळी त्या कडेवरून बोट फिरवते.

एक चूक बहुतेकांच्या हातून होते, आमच्याही झाली. हा फ्रीझर गोठलेलं गोठलेलं ठेवायला बनवलेला आहे, गोठवायला नाही. ऑपरेशन थिएटरमधून नुकतंच आलेलं उबदार हेड जुन्या हेड्सना चिकटवून ठेवलं तर ते आपली ऊब आधी शेजाऱ्यांना देतं. आता आमचा सर्वात खालचा कप्पा नव्यांसाठी राखीव आहे, दोन डब्यांत चार बोटं अंतर, आणि दिवसाला चारपेक्षा जास्त नवी हेड्स नाहीत. त्याच्या वरचा कप्पा थांबवून ठेवलेल्या हेड्सचा. जिवंत दात्याची रक्ततपासणी १८० दिवसांनी पुन्हा करतात, तोवर त्याचं हेड कुणाला देत नाहीत. हा कप्पा लाल पट्टीचा आहे आणि त्याची किल्ली वेगळी. जंतूंच्या बाबतीत तर फ्रीझरवर कसलाच भरवसा ठेवू नये. प्रयोगशाळा जंतू टिकवायला हेच फ्रीझर वापरतात. हेड घेताना स्वॅबमध्ये जे आलं ते पाच वर्षांनीही तिथेच असणार. किरणोत्सर्गाने निर्जंतुक करणाऱ्या पेढ्या बहुधा २५ किलोग्रे मात्रा देतात, आणि तेव्हाही हाड कोरड्या बर्फात गोठलेलं ठेवलं तर कोलॅजनचं नुकसान कमी होतं. तिथेही थंडीच मदतीला येते.

गेल्या वर्षी एका रविवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी माझा फोन वाजला. फ्रीझरचा अलार्म आम्ही उणे ६५ ला लावलेला आहे आणि तो फोनला जोडलेला आहे. या फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर एकापाठोपाठ काम करतात. पहिला दुसऱ्याला थंड करतो, दुसरा कप्पे थंड करतो. पहिला बंद पडला की दुसरा कितीही धडपडला तरी उणे ८० गाठू शकत नाही, आणि त्या रात्री पहिलाच बसला होता. मी पोहोचले तेव्हा दारावर उणे ६१ होतं.

हात थरथरत होते, पण काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं होतं. फ्रीझर नवा असतानाच आम्ही तो रिकामा ठेवून बंद करून पाहिला होता: उणे ८० वरून उणे ५० ला यायला पावणेचार तास. भरलेला असेल तर त्याहून जास्त, कारण गोठलेला प्रत्येक डबा स्वतःच थंडीचा साठा असतो. रिकाम्या जागांत आम्ही पाण्याच्या, थोडी जागा सोडून भरलेल्या बाटल्या ठेवतो, त्याही तेच करतात. त्या तक्त्यामुळे मला ठाऊक होतं की धावाधाव करून दार उघडण्यापेक्षा ते बंद ठेवणं जास्त सुरक्षित आहे. सहकारी कोरडा बर्फ घेऊन येईपर्यंत मी दाराला हात लावला नाही. मग खोलीची खिडकी उघडली, कारण कोरड्या बर्फाचा वायू बंद खोलीत प्राणवायूची जागा घेतो, आणि ६३ हेड्स खोक्यांतून दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये नेली. जेलमधल्या प्रोबने त्या रात्री गाठलेलं सर्वात वरचं तापमान उणे ५८. एकही हेड टाकावं लागलं नाही. प्रत्येकाच्या नोंदीत आम्ही ती रात्र, वेळ आणि तापमान लिहून ठेवलं.

यंत्राला या प्रसंगात मी पूर्ण गुण देते: इन्सुलेशन जसं सांगितलं होतं तसं निघालं, अलार्म वेळेवर वाजला, त्याची बॅटरी चालू होती. दुरुस्तीच्या सेवेला देऊ शकत नाही. रविवारी फोन कुणी उचलला नाही, सुटा भाग यायला नऊ दिवस लागले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मॅपिंग करा, म्हणजे लॉगर लावून आतली तापमानं जागोजागी मोजा, असं कुणी सुचवलंही नाही. आम्ही केलं. वरच्या कप्प्यातली दाराजवळची जागा उणे ७१ ऐवजी उणे ६९ निघाली. दारावर अर्थातच उणे ८०.

दुरुस्तीनंतर आम्ही नेमलेलं तापमान उणे ८० वरून उणे ७५ केलं. यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं म्हणणं असं होतं की सर्वात कमी थंड जागा उणे ६४ वर राहिली तरी ती उणे ४० पासून पुष्कळ दूर आहे, विकरं तिथे थिजलेलीच राहणार, आणि कॉम्प्रेसरवरचा भार उतरेल, वीजही वाचेल. उलट बाजूने वरिष्ठ म्हणाले, "ताई, तुमच्या पावणेचार तासांचं काय?" बरोबर होतं त्यांचं. म्हणून उणे ७५ वरून नवा तक्ता काढला, भिंतीवर जुन्याच्या जागी लावला, आणि बाटल्यांची संख्या वाढवली. गेले आठ महिने असंच चालू आहे.

डब्यांबद्दल थोडं, कारण चांगल्या फ्रीझरमध्ये वाईट डबा ठेवला तर दोष फ्रीझरला मिळतो. पॉलिप्रॉपिलीन या थंडीत ठिसूळ होतं, हातातून निसटलं की तडकतं. तडकलेल्या झाकणातून हाडातलं पाणी बर्फातून थेट वाफ होऊन उडतं आणि पूर्वी पाहिलेले तेच पांढरे चट्टे पडतात. आम्ही एकात एक तीन आवरणं वापरतो आणि चिठ्ठी मधल्या आवरणात घालतो. साध्या गोंदाच्या चिठ्ठ्या उणे ८० ला गळून पडतात, आणि नाव-नंबर नसलेलं हेड म्हणजे टाकून द्यायचं हेड.

शेवटी हे सगळं उमटतं ते थिएटरमध्ये. हेड कोमट सलाइनमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवतात, मग गिरणीत बारीक करून पाण्याच्या झोताने धुतात. चरबी आणि मज्जा धुऊन गेली की चुरा ठोकून बसवताना घसरत नाही, घट्ट बसतो. आमच्या सर्जन मॅडम प्रत्येक हेड फोडल्यावर मला सांगतात, कसं निघालं. चांगल्या हेडची जाळी ओलसर, लालसर-पिवळी असते आणि दाबलं की परत दाब देते. जुन्या संस्थेतल्या चट्टेवाल्या हेड्ससारखी कोरडी, खडूसारखी कड या तीन वर्षांत इथे एकदाही दिसली नाही. एकदा वितळलेलं हेड पुन्हा गोठवायचं नाही, ऑपरेशन रद्द झालं तरी नाही. गेल्या तीन वर्षांत आम्ही दोन हेड्स अशी गमावली, आणि त्यात फ्रीझरचा काही हात नव्हता.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण खरेदीच्या करारात तीन गोष्टी लिहून घेईन: रविवारी फोन उचलणारा माणूस, कॉम्प्रेसरचा सुटा भाग किती दिवसांत, आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर नऊ लॉगरचं मॅपिंग त्यांच्या खर्चाने. यंत्र बंद पडलं तर कप्पे थंड ठेवायला कार्बन डायऑक्साइडची आपत्कालीन नळकांडी देऊ करतात, ती आम्ही घेतली नाही. आमची खोली लहान आहे आणि प्राणवायू मोजणारं यंत्र तिथे नाही. मोठी, हवेशीर खोली असेल त्यांनी जरूर घ्यावी. आणि मागच्या बाजूचा जाळीचा फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. आमचा तीन महिने राहून गेला होता, पहिला कॉम्प्रेसर बसण्यामागे त्याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

नवं गॅस्केट परवा आलं. बसवायला फ्रीझर रिकामा करावा लागेल, म्हणून दुसऱ्या विभागातले दोन कप्पे तीन दिवसांसाठी मागून घेतले आहेत. बसवून झालं की नऊ लॉगर आधी आत जातील. त्यांचे आकडे हातात आल्यावर हेड्स.